मोडलेल्या मनगटानंतरची गाणी

पुंडलिकभाऊंची आणि माझी पहिली भेट कुरखेड्याच्या एका लग्नमंडपात झाली. ते तेव्हा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ड्रम वाजवीत आणि मी मैत्रिणीच्या हळदीला गात होते. तळ्यावर मासे धरणाऱ्या आणि पावसाळ्यात रोवणीला जाणाऱ्या घरातली मी. माईक कधी हातात धरला नव्हता. गाणे संपल्यावर भाऊ जवळ आले. म्हणाले, "बाई, असा आवाज लपवून काऊन ठेवला?"

पुढच्याच वर्षी मोटारसायकल घसरून भाऊंचे डावे मनगट मोडले. मी गडचिरोलीच्या दवाखान्यात गेले, तर ते उजव्या हाताने खाटेच्या कडेवर ठेका धरून शब्द जुळवीत होते. हाड जुळले, पण काडीवरची पकड परत आली नाही. इतकी वर्षे जपलेला ड्रमसेट त्यांनी स्वतः एका नव्या वादकाच्या घरी पोहोचवला. त्या दिवशी त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला बोलावले आणि धानाच्या रोवणीवरचे आपले पहिले गाणे हाती दिले.

ते घेऊन आम्ही नागपूरच्या एका कंपनीत गेलो. तिथल्या साहेबांना चाल आवडली. "फक्त ते 'मले-तुले' काढा. गायिका आम्ही देऊ," ते म्हणाले. मी मान खाली घातली. भाऊंनी कागदाची घडी करून खिशात टाकली.

"रोवणी करनारी बाई अशीच बोलते, साहेब. तिचं गाणं तिलेच गाऊ द्या. नाई तर राहू द्या."

परतीच्या बसमध्ये मी रडू लागले. भाऊ एवढेच म्हणाले, "आपनच रेकॉर्ड करू."

घरामागच्या धानाच्या कोठीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्यांनी स्टुडिओ उभारला. शेजारची गिरणी सुरू झाली की रेकॉर्डिंग थांबे. त्या एका गाण्याला तीन आठवडे लागले. पुढच्या रोवणीला धानाच्या बांधीत, चिखलात वाकलेल्या बायका तेच गाणे म्हणत होत्या.

मग माझ्या गळ्याचे ऑपरेशन झाले. दुसरी गायिका घ्या, असे मीच सुचवले. "थांबतो ना. घाई कोनाले हाय?" म्हणत भाऊ सहा महिने थांबले.

आज गडचांदूरपासून सिरोंच्यापर्यंतच्या मुली त्या कोठीत गाऊन जातात. भाऊंनी साठी गाठली आहे. त्यांचे कान असेच तिखट राहोत, प्रकृती ठणठणीत राहो आणि पुढची कैक वर्षे आमचा सूर जरा हलला की त्यांनी हात वर करून म्हणावे, "जमलं नाई. पुन्हा म्हना."