माझ्या गाडीवर डबल सीट कोण होतं?

इथं कुणी अनुभव टाकला की खाली "मांजर असेल", "झोप अर्धवट झाली असेल" अशी कमेंट करणारी एक बाई आहे ना... ती मीच. भोरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. सासर उत्रोली, माहेर गुंजवणे. माहेरी कुणाला साधा ताप आला तरी अंगारा-उतारा व्हायचा आणि मी त्यावरून आईशी भांडायचे. माझा अशा गोष्टींवर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही म्हणा. तरी हे लिहितेय, कारण जे झालं ते कुठं ठेवावं हेच मला कळत नाहीये. आणि एक विनंती — हे वाचून "ताई, सूड वाईट" असं समजवायला येऊ नका. मी ऐकणार नाही.

माझा धाकटा भाऊ नितीन. वायरमनचं काम करायचा. मार्गासनीपासून आमच्या गावाकडच्या धरणापर्यंत कुणाची मोटर बंद पडली की याला फोन. पावसाळ्यात ओल्यात उभं राहून काम असतं म्हणून पायात कायम गमबूट. गाडीवरही गमबूट, लग्नाच्या बोलणीलाही गमबूट घालूनच गेला होता — त्यावरून त्याची होणारी सासरवाडी अजून हसते. म्हणजे हसायची.

दोन पावसाळ्यांपूर्वी साखर गावाच्या पुढच्या वळणावर समोरून एक जीप आली आणि नितीन गेला. जीप विक्रम नावाचा माणूस चालवत होता. वेल्ह्याच्या बाजूला फार्महाऊसचे प्लॉट पाडून विकणाऱ्या घरातला. त्यानं आणि शेजारी बसलेल्या त्याच्या मित्रानं सांगितलं की मोटरसायकलवालाच राँग साईडला घुसला. तिसरं कुणी पाहिलं नव्हतं. मग कागदावर तेच आलं — चूक मयताची.

माझा भाऊ आपल्या चुकीनं मेला, असं आई-दादांना गावात ऐकावं लागलं. दादांनी चावडीवर जाणं सोडलं. मी विक्रमला एकदाच पाहिलं होतं, चौकशीच्या वेळी बाहेर उभा राहून फोनवर हसत होता. त्यानं मला पाहिलं नव्हतं. तो चेहरा मी रोज मशीनवर बसले की आठवायचे. विसरू नये म्हणून मुद्दाम आठवायचे.

नितीनची गाडी परत मिळाली तेव्हा सगळे म्हणाले भंगारात घाला. मी नाही म्हटलं. आमच्या ह्यांनी ती दुरुस्त करून आणली आणि मी ठरवलं की ही मी चालवणार. स्कूटी येत होती, गिअरची गाडी येत नव्हती. गेल्या हिवाळ्यात भोरला एका कॉलेजच्या मैदानावर मोठ्या माणसांसाठी मोटरसायकल सुरक्षित चालवायचा कोर्स निघाला. शनिवारी-रविवारी मैदानावर सराव आणि पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून रस्त्यावर. मी नाव घातलं.

पहिल्या सकाळी मैदानावर गेले आणि समोर विक्रम.

नवीकोरी मोठी गाडी, गुडघ्याला पॅड, सगळा थाट. गाडीबरोबर शोरूमनं त्याला हा कोर्स फुकट दिला होता. मी हेल्मेट काढलंच नाही. तसंच गाडी वळवून घरी जावं असं वाटलं... मग थांबले. म्हटलं, हा कसा चालवतो ते तरी बघू.

शिकवणारे पवार सर, फौजेतून निवृत्त झालेले. आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरची माणसं ब्रेक दाबतील. त्यांनी पहिलाच धडा दिला, "नजर जिथं जाती तिथं गाडी जाती. खड्ड्याकडं बघाल तर खड्ड्यात जाल. बघायचं तिकडं, जिकडं जायचंय."

मी विक्रमकडं बघत होते.

तो मला मावशी म्हणायचा. "मावशी, पाय टेकतायत का? नायतर विटा ठेवू का खाली?" बाकीचे हसायचे. मी हेल्मेटची काच खाली ओढायचे.

दुसऱ्या दिवशी अचानक ब्रेक मारायचा सराव होता. मैदानावर फक्कीची रेषा, सरांनी हात वर केला की पुढचा-मागचा ब्रेक एकदम दाबायचा आणि रेषेच्या आत थांबायचं. सगळे थांबले. माझी गाडी रेषा ओलांडून बरीच पुढं गेली. पुन्हा केलं — तेच. सरांनी माझी गाडी स्वतः चालवून पाहिली, आरामात रेषेच्या आत थांबली.

"ताई, ब्रेकमध्ये काय खोट न्हाई. परत या बरं."

मी परत आले, परत पुढं गेले. सर खाली उकिडवे बसले आणि मागच्या चाकाकडं बघत राहिले.

"मागचे शॉकअप पार बसतायत ओ. डबल सीट असल्यागत थांबतीय गाडी. वजन किती तुमचं?" आणि मग स्वतःच लाजले. मी काही जाड नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी लिंबाखाली डबा उघडून बसले होते. विक्रम आला. थट्टेचा सूर नव्हता.

"मावशी, सकाळी तुमच्या मागं कोण बसलं होतं?"

"कुणी नाही."

"न्हाई, होता की. प्रत्येक फेरीला होता. सर कसं काय बोलले न्हाईत त्याला? हेल्मेट न्हाई, काय न्हाई... चौकड्याचा शर्ट. आणि एवढ्या उन्हात पायात गमबूट."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. गमबुटांबद्दल मी त्या मैदानावर कुणाशीही बोलले नव्हते. बोलण्यासारखं काय होतं त्यात?

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, नाही वाटली. उलट दोन पावसाळ्यांत पहिल्यांदा जिवाला गार वाटलं. मी त्याच्याकडं सरळ बघत म्हणाले, "माझा भाऊ असंल. गुंजवण्याचा. नितीन."

त्याच्या तोंडावरचा रंग कसा उतरला ते मी बघत होते. मन भरेपर्यंत बघितलं. तो वळून गाडीकडं गेला. त्या दिवशी नंतर तो सरावासाठी मांडलेले प्लास्टिकचे कोन चाकाखाली चिरडत राहिला. सर ओरडत होते, "अहो आरशात काय बघताय सारखं? पुढं बघा, पुढं!"

मी मात्र घरी येऊन माझी गाडी धुतली. मागची सीट पुसली. ह्यांना काही सांगितलं नाही.

आता जे लिहितेय ते मी फक्त ह्यांना सांगितलंय, आणि तेही नंतर. पुढच्या रविवारी भोरहून निघून कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत धरणापर्यंत जायचं होतं. म्हणजे त्याच वळणावरून. मी ठरवलं होतं, त्या वळणावर विक्रमच्या बाजूला गाडी घालायची आणि त्याला कडेला ढकलायचं. खाली उतार आहे, दगड आहेत. मी पण गेले तर गेले. आठवडाभर मी दुकानात ब्लाऊज शिवत होते आणि डोक्यात ते वळण घेत होते.

विक्रम येईल की नाही याचीच काळजी होती. पण आला. त्याचे दोन मित्र फोटो काढायला आले होते, त्यांच्यासमोर नाही कसं म्हणणार? डोळे तारवटलेले होते. सरांना बाजूला घेऊन म्हणाला, "मला ह्या बाईच्या जवळ ठेवू नका." सरांना काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "तुम्हाला रस्ता पाठ आहे, तुम्ही पुढं. ताई नवीन आहेत, नवीन माणूस पुढच्याच्या मागं. मी शेवटी. झालं."

देवाशपथ, मी यातलं काही जुळवलं नव्हतं.

सकाळची वेळ, कोवळं ऊन, समोर राजगड स्वच्छ दिसत होता. भात काढून झालेली खाचरं मोकळी पडली होती. नसरापूरपर्यंत सगळं ठीक. मार्गासनीवरून साखरकडं वळलो आणि विक्रमनं वेग वाढवला. सारखा आरशात बघत होता. डोकं हलवायचा, पुन्हा बघायचा. मी गिअर टाकला, ॲक्सिलेटर पिळला, पण माझी गाडी चढाला ओढेचना. मागं कुणी भारी माणूस बसल्यावर जशी कण्हते तशी कण्हत होती. मी रडकुंडीला आले. तो लांब चालला होता, वळण जवळ येत होतं आणि माझ्या हातून सगळं निसटत होतं. मी मोठ्यानं म्हणाले, "नित्या, जाऊ दे ना रे मला!"

आणि गाडी एकदम हलकी झाली.

मागचा माणूस उतरल्यावर गाडी कशी उचलते, ते ज्यांनी कुणाला मागं बसवलंय त्यांना माहीत असेल. अगदी तसं. तेवढ्यात वळणापलीकडं एसटीचा हॉर्न... लांबच लांब... आणि ब्रेक. मी दोन्ही ब्रेक दाबले. जी गाडी मैदानात माझ्या हाती एकदाही रेषेच्या आत थांबली नव्हती, ती जागच्या जागी उभी राहिली.

चालत पुढं गेले. एसटी आपल्या बाजूला थांबलेली. विक्रमची गाडी पार चुकीच्या बाजूला, एसटीच्या पुढच्या चाकाशी आडवी. आणि तो आपल्याच गाडीखाली, पाय विचित्र वळलेला. माणसं उतरत होती. कंडक्टर म्हणाला, "ह्योच आला ओ अंगावर! मागं बघत होता, पुढं बघतच न्हवता!"

मी सगळ्यांत आधी पोचले. पडलेल्या माणसाचं हेल्मेट ओढायचं नाही, मान हलवायची नाही, त्याच्याशी बोलत राहायचं — हे आम्हाला शिकवलं होतं. मी शेजारी बसले. त्यानं माझी ओढणी धरली.

"त्याला बाजूला घ्या... माझ्या छातीवर बसलाय तो..."

"कशाला बसलाय?" मी विचारलं.

"ताई, पाया पडतो..."

"कशाला बसलाय ते सांग. मोठ्यानं सांग."

त्यानं सांगितलं. सगळ्या एसटीसमोर सांगितलं. तो फोनवर बोलत होता, जीप राँग साईडला होती, नितीन आपल्या बाजूनं हळू येत होता. नितीन पडल्यावर बराच वेळ शुद्धीत होता, पाणी मागत होता. आणि हे दोघं काय सांगायचं ते ठरवत जीपमध्ये बसून राहिले.

पाणी मागत होता, हे मला माहीत नव्हतं.

विक्रमनं त्यानंतर माझ्याकडं पाणी मागितलं. माझ्या बॅगेत बाटली होती. मी काढली नाही. सर आले, त्यांनी जखमीला पाणी देऊ नका म्हणून सांगितलं, म्हणजे नियमानं बरोबरच झालं. पण मी नियमासाठी थांबले नव्हते.

लोकांनी त्याला दवाखान्यात न्यायला एका टेम्पोत घातलं. मी माझ्या गाडीकडं परत आले. वरच्या उतारावर धनगराची एक म्हातारी शेरडं घेऊन उभी होती. ती खाली आली आणि माझ्या मागं-पुढं बघायला लागली.

"तुझ्या मागनं उतारला त्यो कुठं गेला गं?"

"कोण, आजी?"

"अगं, गाडी चालू असतानाच उतारला की! म्या वरडले, पडशील बाबा म्हून. न्हाई पडला. तसाच पुढं पळत गेला वळणाकडं." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "लई चांगला हसला माझ्याकडं बगून. तुझाच भाऊ न्हवं? नाक तुझंच हाय."

मी रस्त्यातच खाली बसले.

विक्रम जगला. पाय वाचला, पण लंगडतो. हॉस्पिटलमध्ये त्यानं जबाब फिरवायचा प्रयत्न केला. पण एसटीतल्या तिघांनी आणि कंडक्टरनं जे ऐकलं ते लिहून दिलं, आणि एकानं मोबाईलवर रेकॉर्डही केलं होतं. केस पुन्हा उभी राहिलीय. त्याच्या घरचे गुंजवण्याला मिटवामिटवी करायला आले होते. आईनं त्यांना अंगणातही येऊ दिलं नाही. म्हणाली, "माझ्या लेकानं पानी मागितलं तवा तुमी कुठं हुता?" दादा पुन्हा चावडीवर जाऊन बसतात.

लोक म्हणतात, त्याच्या मनानं खाल्लं त्याला. असेल. पण मग माझ्या गाडीचे शॉकअप कुणाच्या मनानं बसत होते? पवार सरांना मी नंतर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, मी फक्त गाडीचं सांगू शकतो. त्या दिवशी त्या गाडीवर दोन माणसांचं वजन होतं."

मला समाधान आहे. दया आलेली नाही आणि येईल असं वाटत नाही. नितीन त्याच्यावर सूड घ्यायला आला होता, की मला त्या वळणावर जाण्यापासून अडवायला — हे मी सोडवायचं सोडून दिलंय. कुणाला उत्तर माहीत असेल तर सांगा, यावेळी मी मांजर म्हणणार नाही.

फक्त एकच गोष्ट अजून पचत नाही. विक्रमला दिसला. ज्यानं मारलं त्याला प्रत्येक फेरीला दिसला. रस्त्यावरच्या अनोळखी म्हातारीकडं बघून हसला. मी त्याची सख्खी बहीण, दोन दिवस आणि एवढा सगळा रस्ता माझ्या पाठीशी एका वितीवर बसला होता... आणि मला एकदाही, एकदाही दिसला नाही.