मोडनिंबमार्गे केपटाऊन

आमच्या साडूंनी आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्यांदा केलेली नाही. जन्म सोडला तर. बाकी प्रत्येक गोष्ट करण्याआधी त्यांनी तिची तालीम केलेली असते, आणि ती तालीम त्यांनी निम्म्या वेळा माझ्यावर केलेली असते. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते तीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. आग लागली नसताना लागली असं समजून चारशे माणसांना पटांगणात पळवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर पळवायला चारशे माणसं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी घरातल्यांवर भागवलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाआधी दोन दिवस मला नवरदेव करून मंगल कार्यालयाच्या फाटकापासून स्टेजपर्यंत चालवण्यात आलं. अकरा मिनिटं लागली. खऱ्या नवरदेवाला चौदा लागली, तेव्हा भर मांडवात ते माझ्या कानाशी म्हणाले, "पाहुणं, तुमी बरं चालला होता." हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा चौघांनी त्यांना खाटेवर निजवून जिन्यावरून खाली आणायची तालीम झाली. खाट वळणावर अडकली, म्हणून त्यांनी कठडा कापून घेतला. ऑपरेशनच्या दिवशी मात्र ते स्वतःच्या पायांनी खाली उतरून रिक्षात बसले. कठडा अजून तसाच आहे.

माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. त्यांची बायको ती आमच्या हिची मोठी बहीण, अक्का. अक्कांचं माहेर, म्हणजे माझी सासुरवाडी, अक्कलकोटकडची. त्यामुळे अक्का प्रेमात मराठी बोलतात आणि रागात कानडी. गेली बावीस वर्षं त्या स्वतःच्या घराबाहेर एकदाही झोपलेल्या नाहीत. याचं कारण पाणी. आमच्या गावात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. बावीस वर्षांपूर्वी ती दोघं लातूरला एका लग्नाला गेली, दोन रात्री राहिली, आणि नेमकं मधल्या दिवशी पाणी येऊन गेलं. परतल्यावर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी अक्कांना तीन दिवस कळशी घेऊन दुसऱ्यांच्या दारात उभं राहावं लागलं. एका दारात त्यांना कोणीतरी काहीतरी बोललं. काय बोललं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, पण त्यानंतर पाण्याचा दिवस चुकला नाही. मुलगी पुण्यात दिलेली, तिच्याकडेसुद्धा त्या सकाळच्या गाडीनं जातात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतात. नातवाला आजी म्हणजे दिवसा उगवणारी गोष्ट वाटते.

अशा बाईनं मागच्या वर्षी आमच्या हिच्या फोनवर एक फोटो पाहिला. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेला नामाक्वालँड म्हणून कोरडा माळ आहे. वर्षभर तिथं दगड आणि झुडपं. पण पाऊस झाला की ऑगस्टच्या सुमाराला तो सगळा माळ केशरी फुलांनी झाकून जातो. अक्कांनी फोन जवळ नेला, लांब धरला, आणि एवढंच विचारलं, "खरं आहे का गं हे? पाणी नाही म्हणतात ना तिथं?" बस. दाजी समोर सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला घरी बोलावून घेतलं आणि समोर भिंतीएवढा नकाशाच पसरला. "पाहुणं, गाडीनं जायाचं. तिथं भाड्यानं मिळती. आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवायचं, लोडशेडिंग त्यांनी बघितलंय, केपटाऊनचं पाणी एकदा आटत आलं होतं. म्हंजे आपलंच गाव हाय की!" आतून अक्का म्हणाल्या, "मग इथंच काय वाईट आहे?"

मी चादरींच्या कारखान्यात गोदाम सांभाळतो. मोजणं हा माझा धंदा आणि, बायको म्हणते तसं, माझा आजारही. म्हणून अंतरांची वही माझ्याकडे आली. आम्ही चौघं, बारा रात्री. आधी केपटाऊन, मग समुद्राकाठी हर्मानसला देवमासे, एकशे वीस किलोमीटर. मग परत येऊन उत्तरेला क्लॅनविल्यम, दोनशे तीस. पुढे स्प्रिंगबोक, तीनशे तीस, तिथं फुलांसाठी दोन मुक्काम. मग त्याच रस्त्यानं परत. सगळीकडे दाजींचा एकच नियम: गाडी दुपारी चारच्या आत मुक्कामाला लागली पाहिजे, कारण तिकडे अंधार पडला की रस्त्यावर म्हशीएवढाली हरणं येतात. "मोहोळजवळ म्हशीच येतात," मी म्हणालो. "म्हणूनच तर सराव मोहोळच्या रस्त्यावर करायचा," ते म्हणाले.

आणि सराव सुरू झाला. पहिली तालीम केपटाऊन ते क्लॅनविल्यम. दोनशे तीस किलोमीटर म्हटल्यावर कुणीही साधा माणूस पुण्याच्या दिशेनं गेला असता. पण मग रात्री राहायचं कुठं? अक्का तर घराबाहेर झोपणार नाहीत. दाजींनी मार्ग काढला. आमच्या दारापासून मोहोळच्या पुढचं मोडनिंब गाव अठ्ठावन्न किलोमीटर. दोनदा गेलं आणि दोनदा आलं की दोनशे बत्तीस. आम्ही चौघं सामानाच्या बॅगांसह सकाळी मोडनिंबला गेलो, चहा प्यायलो, परत आलो, आणि गाडी दारातून फिरवून पुन्हा मोडनिंबला गेलो. हॉटेलवाल्यानं कपबशी पुसता पुसता विचारलं, "काय साहेब, काय इसरलं व्हय?" दाजी म्हणाले, "न्हाय. अजून क्लॅनविल्यम यायचंय." दुसऱ्या चहाचे पैसे त्यानं आधीच मागून घेतले.

पावणेचारला आम्ही क्लॅनविल्यमला, म्हणजे दाजींच्याच घरी पोचलो. पुढच्या खोलीच्या दाराला आतून त्यांनी पुठ्ठ्याची पाटी लावून ठेवली होती, त्यावर जाड अक्षरात गावाचं नाव. मला लॉजवाला केलं होतं. मी टेबलामागे बसून विचारलं, "बुकिंग आहे का?" दाजींनी खिशातून कागद काढून दाखवला. अक्का बॅग घेऊन उंबऱ्यात उभ्या. "माझ्याच घरात मला बुकिंग विचारतोय का हा? एनरी, साकु माडरी!" म्हणजे, अहो, पुरे करा. पण त्या रात्री त्या स्वतःच्या खोलीत न झोपता पुढच्या खोलीत गादीवर झोपल्या. दाजींनी मला सकाळी फोन करून कारखान्यातल्यासारखा अहवाल दिला: "पहिला मुक्काम. बिनअपघात."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस रस्त्याची तालीम करत नव्हता. बावीस वर्षं न हललेल्या बाईला तो एकेक खोली पुढे सरकवत होता. दुसरा मुक्काम आमच्या घरी झाला, चार गल्ल्या पलीकडे. त्याचं नाव स्प्रिंगबोक. पहाटे पाचला अक्का उठून चप्पल शोधत होत्या. "आज आमच्याकडं पाणी आहे," म्हणाल्या आणि स्प्रिंगबोकहून चालत घरी गेल्या. तिसरा मुक्काम खराखुरा, गुलबर्ग्याच्या लॉजवर. दोन पाण्यांच्या मधला दिवस गाठून. अक्कांनी तिथून शेजारणीला तीनदा फोन केला, "नळाला आवाज येतोय का बघ गं जरा." शेजारीण म्हणाली, "अहो, कालच आलं की!" पण रात्र निघाली. सकाळी लॉजच्या नळाला चोवीस तास पाणी आहे हे कळल्यावर त्यांनी चौघांचे टॉवेल धुऊन टाकले. वाया कशाला घालवायचं?

मधल्या काळात बाकीच्या तालमी चालूच होत्या. कालव्याकाठच्या खडीच्या रस्त्यावर टायरची हवा कमी करून गाडी चालवून झाली. चाक बदलायला दाजींना एकोणीस मिनिटं लागली आणि मला एकतीस, हे मी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं. एका रविवारी दाजी विमानतळावरचे अधिकारी झाले. टेबल, चष्मा, शिक्का म्हणून काडेपेटी. त्यांनी इंग्रजीत विचारलं, कशासाठी आलात? अक्का म्हणाल्या, "फुलं बघायला." किती दिवस राहणार? अक्का म्हणाल्या, "पाणी यायच्या आत परत." अधिकाऱ्यानं चष्मा काढून ठेवला. शिक्का उठला नाही.

कारण घोडं तिथंच अडलं होतं. मी दिनदर्शिका घेऊन तीन संध्याकाळी बसलो. निघायचा दिवस पुढे ढकला, मागे ओढा, पाणी भरून त्याच संध्याकाळी निघा. काहीही करा, बारा रात्रींत पाण्याच्या दोन पाळ्या पडतातच. पाचवा दिवस आणि दहावा. आकड्यांना दया नसते. मी हे दाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "हिच्यासाठीच चाललंय हो सगळं. मला कुटं फुलातलं काय कळतंय?" त्यांचा आवाज असा मी पूर्वी ऐकला नव्हता. मला वाटतं त्या वाक्याची त्यांनी तालीम केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अक्का स्वतः आमच्याकडे आल्या. हातात कागद. त्यांच्या घरातली भांडी त्यावर लिहिलेली: टाकी, हौद, दोन पिंपं, हंडे, घागरी, कळशा, तपेली, कुकरसकट एकूण एकतीस. पहिली दहा मिनिटं गढूळ येतं ते झाडांना. मग फडकं लावून प्यायचं. मग मोटार लावून टाकी. "भाऊ," त्या म्हणाल्या, "शेजारीण भरेल, पण एकतीसच्या एकतीस भरेल असं वाटत नाही. तुम्ही मोजून भराल." आणि कागद माझ्यापुढे ठेवला. आयुष्यभर मी मोजण्याबद्दल कौतुक करून घेतलं. ते कौतुक असं वसूल होईल असं वाटलं नव्हतं. आमची ही माझ्याकडे बघत होती. तिलाही जायचं होतं आणि बहिणीबरोबर तिनं जावं असं मलाही वाटत होतं. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणालो, "तिघांचाच व्हिसा करा. गाडीत जागाही ऐसपैस होईल." दाजी म्हणाले, "पाहुणं, एकदा भरायची तालीम घेऊ या." ती झाली. एक तास पस्तीस मिनिटं.

गणपतीच्या आधी ती तिघं गेली. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. रोज संध्याकाळी दाजींचा संदेश यायचा: गाव, किलोमीटर, पोचल्याची वेळ, बिनअपघात. मी वहीत लिहून घ्यायचो. हर्मानस एकशे बावीस. देवमासा दिसला, अक्कांना तो अंघोळ करतोय असं वाटलं. पाचव्या दिवशी पाणी भरलं, अक्कांना कळवलं, "एकतीस." त्यांचं उत्तर आलं, "कुकर?" मी कळवलं, "कुकर धरून."

दहाव्या दिवशी सकाळी दहाला पाणी आलं. फडकं लावून हंडा भरत असताना फोन वाजला. तिकडे पावणेसात, नुकतं उजाडत होतं. अक्का होत्या. "आलं का पाणी?" आलं म्हणालो. "भाऊ, फुलं उघडलीच नाहीत हो. दोन्ही दिवस ढग होते. ऊन नसलं की ती मिटूनच राहतात. आज निघायचंय. लॉजवाली बाई म्हणते, आज दुपारी ऊन पडेल." मी म्हणालो, "मग थांबा." त्या म्हणाल्या, "दुपारपर्यंत थांबलं तर चारच्या आत क्लॅनविल्यम होत नाही. हे तोंड पाडून बसलेत. पण मी म्हटलं, फुलांचं पाण्यासारखंच आहे. यायचं तेव्हाच येतं. येईल तेव्हा आपण तिथं असलं पाहिजे. मी आजची रात्र इथंच राहते."

मग दाजींनी फोन घेतला. "पाहुणं, ह्या मुक्कामाची तालीम न्हाय झाली हो. काय करू?"

माझा हंडा भरून वाहत होता. मी तो बाजूला सारला, कळशी लावली आणि म्हणालो, "क्लॅनविल्यम गाळा. उद्या सकाळी सातला निघा. पाचशे साठ किलोमीटर, ताशी ऐंशी, सात तास. अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन थांबे. तीनला केपटाऊन. चारला एक तास शिल्लक." तिकडून आकडे पुटपुटल्याचा आवाज. मग हळूच, "बसतंय की!" आणि मागून आमच्या हिचं हसणं ऐकू आलं.

एकतीस भांडी भरली. मोटार बंद केली. वही काढून त्या दिवसाच्या ओळीत लिहिलं: स्प्रिंगबोक, तिसरा मुक्काम, किलोमीटर शून्य. रजा टाकलेलीच होती. घरी जाऊन जेवायला हवं होतं, पण गेलो नाही. दाजींच्याच पुढच्या खोलीत बसून राहिलो. साडेचारच्या सुमाराला फोटो आला. क्षितिजापर्यंत केशरी जमीन, आणि तिच्या मधोमध अक्का, पाठमोऱ्या, डोक्यावर पदर, हात कुठं ठेवावेत ते न कळून दोन्ही बाजूंना थोडे लांब धरलेले. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात दाजींची सावली तेवढी आली होती. संदेशात गाव नव्हतं, वेळ नव्हती, बिनअपघातही नव्हतं. नुसता फोटो.

मी तो जवळ नेला, लांब धरला. मग दाराकडे लक्ष गेलं. पुठ्ठ्याची पाटी आतून अजून तशीच होती. सगळे पुढे निघून गेले, आणि मी आपला क्लॅनविल्यमलाच राहिलो होतो. पण इथवरचं अंतर मी स्वतः मोजलेलं आहे. दोनशे बत्तीस, मोडनिंबमार्गे.