सायंकाळी पाहू

नंदनवन वस्तीतल्या आमच्या गच्चीवर टोमॅटो लावले यांनी, माझ्या यजमानांनी, आणि जीव टांगणीला लागला माझा. बुटीबोरीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर रंगाच्या रिकाम्या डब्यांत यांनी रोपं धरली होती. मी भित्री, त्यातून तापट. खोडाच्या बुडाशी पांढरे फोड दिसले तशी मी ओरडले, रोग आला म्हणून. हे खदाखदा हसले.

"फोड नाही वं, मुळं होत ते. माती लावली तं फुटतीन."

पानांना हात लावला की बोटं हिरवी-पिवळी होत. हे म्हणत, तो झाडाचा रंगच. खालची पानं पिवळी पडली, तर ती म्हातारी झाली. रोग नावाची गोष्ट जगात नाहीच, असं वाटावं.

फेब्रुवारी सरता सरता झाडं दुपारी माना टाकू लागली. मी बादली घेऊन धावले, यांनी अडवलं.

"काहून घाबरून राहिली? सायंकाळी पाहू."

संध्याकाळी झाडं ताठ. उन्हाने वाकलेलं झाड ऊन उतरलं की सावरतं. सकाळीही वाकलेलंच दिसलं, तर तो मर रोग. मग उपटायचं, दुसरा इलाज नाही. एवढं मला पाठ झालं.

पुढे हेच दुपारचे आडवे होऊ लागले. जेवण जाईना, पट्टा दोन भोकं आत गेला. "दवाखान्यात चला न जी," मी म्हणायची. "ऊन लागलं असन. सायंकाळी पाहू." आणि संध्याकाळी खरंच उठत, चहा मागत, झाडांना पाणी घालत. मी मूर्खासारखी निश्चिंत व्हायची. झाडाची परीक्षा माणसाला लावली मी. याचा राग मला रोज येतो.

एका संध्याकाळी ते उठले नाहीत. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, कॅन्सर यकृतभर पसरलाय, आता घरीच ठेवा. यांना मी कावीळ आहे म्हणून सांगितलं.

त्याच आठवड्यात सगळ्यात मोठं झाड हिरवंगार असताना वाकलं. संध्याकाळी वाकलेलं, सकाळीही. "झाड उठलं का?" हे खाटेवरून विचारत आणि मी "उठलं" म्हणत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ते उपटून टाकलं. खाली आले, तर पुन्हा तोच प्रश्न.

"उठलं न. हातच लावून आली आता," असं म्हणून मी हिरवी बोटं पुढे केली.

यांनी हात नाकाशी नेऊन वास घेतला. मग बोटं उलटी करून पाहिली. नखांत ओली माती होती आणि एक बारीक मूळ अडकलेलं.

"उपटलं?"

मी मान डोलावली.

"बरं केलं," हे म्हणाले. "कावीळ बी अशीच सांगितली न मले?"

मी तिथेच रडले. यांनी माझा मातीचा हात सोडला नाही. पण त्या दिवसापासून 'सायंकाळी पाहू' हे यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.