गच्चीवरच्या सळया आणि गणपत मिस्त्री

कॉन्ट्रॅक्टर नितीनशेठनं गच्चीवरच्या सळईवर हातातल्या पान्यानं एक टोला मारला.

"ऐकलं का मॅडम? खणखणीत. वर एक खोली काय, दोन मजले चढवा. पावसाच्या आत किल्ली देतो."

घरमालक सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना फक्त माझी मान हललेली हवी होती.

"या सळया खाली कुठपर्यंत गेल्यात?" मी विचारलं.

"पायापर्यंत. आणखी कुठं जाणार?"

"तुम्ही बघितलंत?"

"त्यात बघायचं काय मॅडम? दिसत्यात की!"

दिसत होत्या खऱ्या. गच्चीच्या चारही कोपऱ्यांत चार-चार सळया कमरेएवढ्या उंच उभ्या होत्या आणि गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर रिकाम्या बाटल्या उपड्या घातलेल्या होत्या. आमच्या नगरमध्ये कुठल्याही गच्चीवर उभे राहा, आजूबाजूला हेच दृश्य. घराचं वजन पेलणारे काँक्रीटचे खांब, म्हणजे कॉलम, पायापासून वर येतात. पुढेमागे मजला चढवायचा असेल तर कॉलममधल्या सळया गच्चीच्या वर सोडून ठेवतात, म्हणजे नवा कॉलम जुन्याला जोडता येतो. त्यामुळे सळया दिसल्या की लोक धरून चालतात, वर बांधता येतं. खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत मीही त्या बघून "ठीक दिसतंय" म्हणून गेले होते. घाईत होते, हे काही कारण नव्हे. घरी गेल्यावर ते दोन शब्द मला टोचत राहिले, म्हणून मी परत आले होते.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. घर कसं दिसावं ते आर्किटेक्ट ठरवतो, ते पडू नये हे मी बघते. केडगावात पुणे रोडच्या आतल्या बाजूला सलीमभाईंचं हे तीन खोल्यांचं बैठं घर. बस डेपोत मेकॅनिक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. त्यांची लेक आसमा घटस्फोट घेऊन नऊ वर्षांच्या झोयाला घेऊन माहेरी आली, त्याला दीड वर्ष झालं होतं. ती शाळांचे गणवेश शिवायची. मशीन जिन्याखाली, कपड्यांचे गठ्ठे आईवडिलांच्या पलंगाखाली आणि रात्री मायलेकींची गादी बाहेरच्या खोलीत. कोणी पाहुणा आला की गादी गुंडाळून दोघी स्वयंपाकघरात.

"मला लेकीला खोली द्यायची हाय, मॅडम," सलीमभाई पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "आता ती इथंच राहणार. पाहुणी म्हणून न्हाई. तुमी फक्त भरवशाचा मानूस बघून द्या."

भरवशाचा माणूस! लोकांना वाटतं, इंजिनिअरकडे अशा माणसांची यादी असते. माझ्याकडे यादी नाही, एकच सवय आहे. जे दिसत नाही त्याबद्दल मी कॉन्ट्रॅक्टरला विचारते आणि तो काय करतो ते बघते.

मी नितीनशेठला म्हणाले, "भिंतीलगत एक खड्डा घेऊ. पाया बघू, मग बोलू."

"मॅडम, भरल्या घराचा पाया कुणी उकरतं का?" तो हसला. "आपल्या तीस-चाळीस साइट झाल्या. एकाचीबी तक्रार न्हाई."

दुसरा कॉन्ट्रॅक्टर टॅब्लेट घेऊन आला. त्यात न झालेली खोली झालेली दिसत होती, खिडकीत कुंड्यासुद्धा होत्या. आसमा कौतुकानं बघत राहिली. त्यालाही मी खड्ड्याचं बोलले. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्या वाट्याचं आम्ही बघूच की." माझं डोकं फिरलं. माझं बघायला मी समर्थ आहे, असं मी त्याला सगळ्यांसमोर मोठ्यांदा सांगितलं. त्यानं टॅब्लेट मिटला आणि गेला.

सलीमभाई वैतागले. "असं सगळ्यांना हाकललं तर बांधणार कोण?"

"हे घर कुणी बांधलं होतं?"

उत्तर आतून त्यांच्या बायकोनं, नसीमभाभींनी दिलं, "गणपत मिस्त्रीनं. जामखेडकडचा. आता इथंच काम करतो, चौकाच्या पलीकडं."

"तो नको," सलीमभाई लगेच म्हणाले. "म्हातारा झालाय तो. लई हळू काम."

ज्यानं घर बांधलं त्याला विचारायला मालक नको म्हणतो, तेव्हा मी हमखास विचारते. भाभींकडून नंबर घेतला आणि तिथूनच फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपत मिस्त्री मोपेडवरून आले. साठीचा, सडपातळ माणूस. चप्पल काढून अंगणात उभे राहिले. मी जिन्याकडे वळले तर ते जागचे हलले नाहीत.

"वर कशाला जायचं, ताई?" ते म्हणाले. "त्या सळयांखाली काय न्हाई."

"म्हणजे?"

"कॉलमच न्हाईत ह्या घराला. सगळं वजन इटांच्या भिंतींवर हाय. सळया मी मागून रोवल्या. स्लॅब झाल्यावर, चार कोपऱ्याला भोकं पाडून."

सलीमभाई उसळले. "काय बोलतो मिस्त्री? मी वर बांधायसाठी सळया सोडायला सांगितलं हुतं!"

"न्हाई सलीमभाई," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "आसमाला बघायला पाव्हणे येणार हुते. तुमी म्हनला, वर सळया दिसल्या पायजेत, घर वाढतंय असं वाटलं पायजे. मी म्हनलं, आता स्लॅब झाला, आता कशा येतील? तुमी म्हनला, मला काय सांगू नको, शुक्रवारच्या आत दिसल्या पायजेत."

जिन्याखालचं शिलाई मशीन थांबलं होतं. आसमा दारात येऊन उभी राहिली होती.

सलीमभाईंना हे आठवत होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. मला वाटतं, सळया रोज डोळ्यांसमोर बघून त्यांचा स्वतःचाच त्यांच्यावर विश्वास बसला होता. आयुष्यभर इंजिनं उघडून आत काय बिघडलंय ते शोधणारा हा माणूस, पण स्वतःच्या घराचं झाकण त्यानं कधी उघडलं नव्हतं.

मी कुणाच्या बोलण्यावर सही करत नाही, खऱ्या बोलण्यावरही नाही. त्याच दुपारी कोपऱ्यातलं प्लॅस्टर छन्नीनं काढलं. आत विटा. भिंतीलगत खड्डा घेतला. पाया जेमतेम दोन फूट आणि तोही काळ्या मातीत. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं घर हलवत राहते. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरक्या भेगा मी आता नीट बघितल्या. तळमजल्यापुरतं घर ठीक होतं. वर खोली चढवली असती तर तिचं वजन या भिंतींनी पेललं नसतं.

"वर बांधायचं नाही," मी सांगितलं.

"नितीनशेठ करतो म्हणतोय." सलीमभाईंचा आवाज चढला. "लेकीला शब्द दिलाय मी!"

"मग माझी सही मिळणार नाही. दुसऱ्याची आणा. त्या स्लॅबखाली तुम्ही, भाभी आणि तुमची नात झोपणार, हे त्यालाही सांगा."

मी कडक बोलले. बोलल्यावर वाईट वाटलं, कारण त्यांचे डोळे भरून आले होते. पण शब्द मागे घेतले नाहीत.

मग मी अंगणाकडे बोट केलं. जागा होती. तिथे पत्र्याचं शेड होतं, त्यात त्यांच्या मोटारी, अवजारं, स्टूल, रेडिओ. सलीमभाई शेडपाशी गेले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "शेड काढा. पण काम ह्याला देणार न्हाई. ह्यानं मला फसवलं."

"अब्बा," आसमा पहिल्यांदाच बोलली, "आपण फसवत होतो. यांनी मदत केली." मग ती मिस्त्रींकडे वळली. "तेव्हा न्हाई का म्हणाला नाहीत, काका?"

"भ्यालो, बाई. काम जाईल म्हनून."

"आणि आज?"

"आज तुमी वर बांधाल ह्याचं भ्या वाटलं."

आसमानं वडिलांकडे बघितलं. "तेव्हा पाहुण्यांना काय दाखवायचं ते मला कुणी विचारलं नव्हतं. आता खोली माझी हाय. मला हेच मिस्त्री पाहिजेत."

मला स्वतःला खात्री नव्हती. एकदा दबलेला माणूस पुन्हा दबू शकतो. म्हणून मी अट घातली. नव्या खोलीला स्वतंत्र कॉलम, जुन्या भिंतीपासून बोटभर फट सोडून, म्हणजे जुनं घर हललं तरी नव्याला ओढणार नाही. प्रत्येक खड्डा काळी माती संपून खालचा घट्ट मुरूम लागेपर्यंत. आणि मी बघितल्याशिवाय काँक्रीट नाही.

"कबूल," मिस्त्री म्हणाले. "आन् ह्या येळेला मालकाचं ऐकनार न्हाई."

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. काँक्रीटची गाडी संध्याकाळी यायची होती.

"ताई, गाडी आज नको म्हनून सांगतो. चौथ्या खड्ड्यात मुरूम लागंना."

"ड्रॉइंगपेक्षा किती खाली गेलात?"

"दीड फूट. अजून काळीच हाय. सलीमभाई म्हनत्यात, एका खड्ड्यानं काय हुतंय, भरून टाक."

"मग?"

"मग काय? मी खड्ड्यात उतरून बसलोय. भरा म्हनलं."

मी हातातलं काम टाकून केडगावला गेले. मिस्त्री खरंच खड्ड्यात बसले होते, बिडी ओढत. वर सलीमभाई येरझाऱ्या घालत होते. आणखी दोन फूट खणल्यावर पिवळा मुरूम लागला. मी खाली उतरून पहारीनं ठोकून बघितला आणि मगच हो म्हणाले. मिस्त्रींना खड्ड्यातून वर यायला सलीमभाईंनीच हात दिला.

खोली पावसाच्या आत झाली नाही. दिवाळी उजाडली. शेवटच्या तपासणीला गेले तेव्हा आसमाचं मशीन खिडकीशी मांडलं होतं आणि दार आतून लावलेलं होतं. सलीमभाई बाहेर चहाचा कप घेऊन उभे होते.

"आसमा," त्यांनी दारावर हळूच टकटक केली, "आत येऊ का, बेटा?"

पुढचा पावसाळा गेल्यावर मी भेगा बघायला पुन्हा जाऊन आले. जुन्या घरात दोन वाढल्या होत्या, नव्या खोलीत एकही नव्हती.

तेव्हापासून कोणी मला भरवशाचा कॉन्ट्रॅक्टर विचारला की मी सांगते, त्यानं बांधलेली घरं जरूर बघा, पण त्याला एक प्रश्न विचारा. तुमचं कुठलं काम चुकलं? जो त्या घराचा पत्ता सांगेल, त्याच्याशी पुढचं बोला. ज्याचं कधीच काही चुकलं नाही, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.