कुनझेसच्या वाडग्यावरचा दिवा

हानलेत अंधार राखायचं काम माझ्याकडे आहे. हसू नका, गावसभेत हात वर करून मला नेमलंय. टेकडीवरच्या मोठ्या दुर्बिणीला काळंभोर आकाश लागतं, म्हणून मी घरोघर हिंडलो. तेलाचे रिकामे डबे कापून बल्बांना टोप्या घातल्या, म्हणजे उजेड जमिनीवर पडावा, वर उधळू नये. पांढरेफेक बल्ब काढून पिवळे, मंद लावले, खिडक्यांना जाड काळे पडदे शिवले. गाडीवाल्यांशी तर हमरीतुमरीवर येऊन त्यांचे दिवे खाली करायला लावले. महिनाभरात सगळं गाव ताळ्यावर आलं. राहिला एकच दिवा. त्याची मालकीण आचे कुनझेस.

आचे म्हणजे थोरली बहीण, मानानं हाक मारायची तर आचे-ले. कुनझेस सगळ्या गावाची आचे आहे. कुणाला विचारून झालेली नाही. साठीला टेकलेली, बुटकी, आवाज मात्र नदीपलीकडे पोचणारा. नवरा गेल्यावर एकशे चार पश्मिना शेळ्या तिनं एकटीनं सांभाळल्या. प्रत्येक शेळीला नाव आहे, आणि गावात ज्याचा राग येईल त्याचं नाव ती पुढच्या करडाला ठेवते. माझ्या नावाची तीन आहेत. तोंडावर मात्र मला नोनो म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ.

दिव्याची गोष्ट अशी. अकरा वर्षांपूर्वी एका रात्री लांडगे तिच्या वाडग्यात, म्हणजे शेळ्यांच्या उघड्या दगडी आवारात, उतरले आणि सव्वीस शेळ्या फाडून गेले. खाल्ल्या दोनच. दुसऱ्या दिवशी तिनं एका बोकडाचं मुंडकं पोत्यात घातलं, ट्रकमध्ये बसून लेह गाठलं आणि कचेरीत साहेबाच्या टेबलावर ते ठेवलं. म्हणाली, "दिवा मंजूर होत नाही, ते तुम्हीच याला समजावून सांगा." आठवड्याच्या आत खांबासकट सौरदिवा आला. तेव्हापासून तो संध्याकाळी पेटायचा तो उजाडेपर्यंत, आणि लांडगा पुन्हा वाडग्याकडे फिरकला नाही. पण टेकडीवरून बघितलं तर सगळ्या खोऱ्यात तेवढाच एक पांढरा डाग दिसायचा.

मी टोपी घेऊन गेलो तेव्हा ती लोकर विंचरत बसली होती.

"आचे-ले, नुसती टोपी घालतो. दिवा राहील तसाच."

"आणि भिंतीवर बसलेला लांडगा कसा दिसेल रे, नोनो? तो काय टोपीखाली येऊन उभा राहणारे?"

"पण आकाशातले तारे..."

"तारे काय कुणी खाऊन जातंय? माझ्या शेळ्या खाऊन जातात. चहा पी नि नीघ."

मग गोबांना, आमच्या मुखियांना, पाठवलं. ते चहा पिऊन परत आले. लामांना पाठवलं. ते म्हणाले, "कुनझेस, थोडा त्याग करावा माणसानं." ती हात जोडून म्हणाली, "लामा-ले, गोम्पात रात्रंदिवस तुपाचा दिवा जळतो तो देवासाठी. माझा जिवांसाठी जळतो. जास्त पुण्य कशात, तेवढं सांगा, लगेच विझवते." लामासुद्धा चहा पिऊन परत आले. तिनं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले.

शेवटी दुर्बिणीवरचे साहेब स्वतः खाली उतरले. शहाणा माणूस, आवाज न चढवता बोलणारा. कुनझेसनं सगळं ऐकून घेतलं आणि टेकडीकडे बोट केलं.

"साहेब, तुमच्या दुर्बिणीवर ते काय आहे, गोल, पांढरं?"

"घुमट आहे, आचे. वाऱ्यापासून, बर्फापासून काच सांभाळायला."

"म्हणजे तुमच्या एका काचेला लोखंडाचं छप्पर, आणि माझ्या एकशे चार जिवांच्या डोक्यावर काहीच नाही. बरोबर?"

साहेबांनी वळून घुमटाकडे बघितलं.

"वाडग्याला छप्पर द्या, मी अंधार देते. पण एक जरी करडू गेलं, तर हा खांब उपटून तुमच्या घुमटासमोर रोवीन."

इतकी वर्षं हे आमच्यापैकी कुणाच्याच टाळक्यात आलं नव्हतं. मी डबे कापत बसलो आणि बाईला हवं होतं छप्पर. छपरासाठी जाड तारेची जाळी आली, सफेद्याच्या झाडाचे वासे आले. गोठलेल्या जमिनीत खड्डे खणायला अर्थातच मला जुंपलं. ती उन्हात बसून चुका काढायची. "तिथं फट आहे. तुझं डोकं घालून बघ, जातंय का. तुझं गेलं तर लांडग्याचं जाईलच."

जाळी बसली. मी खांबावर चढून टोपी चढवली आणि खाली बटण लावलं, लागेल तेव्हाच दिवा पेटावा म्हणून. ते दिवस करडं होण्याचे. वाडग्यात दोन-तीन दिवसांची बावीस पिल्लं होती. संध्याकाळी तिनं स्वतः बटण दाबून दिवा विझवला. मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

मला झोप कुठली? एकही करडू जाणार नाही, असा शब्द मी दिला होता. तीन कांबळी गुंडाळून तिच्या भिंतीच्या आडोशाला रात्रभर बसलो. मध्यरात्रीनंतर कुत्री वेडीपिशी भुंकायला लागली, जाळी करकरली, शेळ्या एका कोपऱ्यात दाटल्या. माझी उठून बघायची हिंमत झाली नाही, खोटं कशाला सांगू.

उजाडल्यावर बघितलं. बर्फात वाडग्याभोवती पावलंच पावलं. भिंतीवरही होती, आणि जाळी एका जागी वाकून खोल गेली होती, पण तुटली नव्हती. मी मोजलं. पुन्हा मोजलं. एकशे चार मोठ्या, बावीस पिल्लं. आनंदानं ओरडतच मी तिचं दार बडवलं. आतून हूं नाही की चूं नाही. म्हातारी धसक्यानं गेली की काय? आणखी बडवलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या घड्या उमटलेल्या, डोळे धड उघडत नव्हते. सूर्य हातभर वर आला होता. अकरा वर्षांत ही बाई माझ्याआधी उठली नाही असा दिवस मला आठवत नव्हता.

"आचे-ले, झोपला होतात?"

"मग काय करायचं अंधारात?" ती म्हणाली. मग जरा थांबून, हळू आवाजात, "तो दिवा होता ना, तेव्हा रोज खिडकीशी बसून वाडग्याकडे बघत राहायची रे. उजेडात बघावंच लागतं."

मी म्हणालो, "सगळी आहेत. एकही गेलं नाही."

"मग उठवलंस कशाला?" आचे म्हणाली, आणि दार लावून परत झोपायला गेली.