खळ न काढलेली वाकळ

मला पुण्याला न्यायला पोरानं गाडी सुरू केली तेव्हा माझी थोरली जाऊ, अक्का, घरातून बाहेर आली आणि खिडकीतून एक वाकळ माझ्या मांडीवर टाकली. टाकली म्हणते मी, दिली म्हणत नाही. हात लावला आणि माझं डोकंच फिरलं. वाकळ पत्र्यासारखी कडक होती. खळ काढलेलीच नव्हती.

"धुवायचं तेवढं राहिलं," अक्का म्हणाली. "तिकडं धू."

आमचं पुसेगाव मागं पडेपर्यंत मी मागं वळून पाहिलं नाही. पोराला वाटलं, आई रडून राहिली. मी कशाची रडते, दात खात होते.

ज्यांनी कधी वाकळ शिवली नाही त्यांना वाटेल, यात एवढं चिडण्यासारखं काय? सांगते. जुनी लुगडी वापरून वापरून मऊ झालेली असतात. थरावर थर टाकले की घसरतात, सुई घातली की चुण्या पडतात. म्हणून आमच्या घरी शिवायच्या आधी त्यांना खळ द्यायची. साबुदाणा भरपूर पाण्यात शिजवायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात लुगडी बुडवायची आणि सारवलेल्या अंगणात ताणून वाळवायची. मग कापड कागदासारखं गप बसतं, धावदोरा सरळ जातो. खळ शिजवायचं काम माझं. दाट झाली तर घडीवर कापड तडकतं, पातळ झाली तर नसल्यासारखीच. हे मला कुणी शिकवलं नाही, बिघडवून बिघडवून शिकले. टाका अक्काचा बारीक. ती एका काठाला, मी समोरच्या काठाला, अशा आम्ही अडतीस वर्षं बसलो आणि त्यातली तीस तरी भांडण्यात घातली.

वाकळ पुरी झाली की पहिलं धुणं शिवणारणीनंच करायचं. खळ निघून जाते, कापड फुगतं, टाका आत बसतो. तेव्हा कुठं ती अंगावर घ्यायच्या लायकीची होते. सासूबाई म्हणायच्या, "खळीची वाकळ दिली म्हंजे पाट मांडला आन् ताट न्हाई वाढलं." आणि ही वाकळ त्यांच्याच लुगड्यांची. त्या गेल्यावर पाच लुगडी मागं राहिली होती. त्यातल्या चारांची ही. खळ मी दिली, निम्मी मी शिवली, तेवढ्यात माझं जायचं ठरलं. उरलेली अक्कानं एकटीनं शिवली, माझ्याशी एक शब्द न बोलता. त्या घरातून कपड्यांच्या पिशव्यांशिवाय मी आणलं ते एवढंच, आणि तेही अर्धवट.

जायचं कसं ठरलं? यजमान गेल्यावर पोरगा आला आणि म्हणाला, "आई, इथं एकटी काहून राहतीस?" अक्का तिथंच ज्वारी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. एकटी कुठं, अक्का आहे की, असं मीही म्हटलं नाही. तेवढं माझं चुकलं, हे आज लिहिते, पण तिला फोनवर सांगणार नाही.

पुण्यात सातवा मजला. गॅलरीत मोठं कापड वाळत घालायचं नाही, सोसायटीचा नियम आहे. कुणी घातलं तर व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो येतो. वॉशिंग मशीनमध्ये वाकळ मावत नाही. पण खरं सांगायचं तर मला ती धुवायचीच नव्हती. माझं म्हणणं, जिचं काम तिनं करायचं होतं. मी का करू? प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या लॉफ्टवर टाकून दिली. खळीचं कापड ठेवलं की कसर लागते, किडे कुरतडतात, हे गावातली लहान पोरगीही सांगेल. मला माहीत नव्हतं असं नाही. रागापुढं माहीत असलेलं चालत नाही.

सव्वा वर्षानं सुनेनं, नेहानं, लॉफ्ट साफ करायला काढलं. वाकळ उलगडली तर भोकंच भोकं. अकरा मोजली, मग मोजायचं सोडलं. नेहा म्हणाली, "आई, टाकून देऊ या का? ऑनलाइन छान मिळतात." मी पुसेगावला फोन लावला.

"अक्का, तुझ्या वाकळेला कसर लागली."

"माझ्या कुठून? दिली तवाच तुझी झाली."

"खळीची दिलीस काहून?"

"आन् तू खळीचीच ठेवलीस काहून? खळ शिजवायची अक्कल हाय, काढायची न्हाई व्हय? पुण्याला पाणी येत न्हाई?"

"पहिलं धुणं शिवणारणीचं असतं. सासूबाईंचा नेम तू मोडलास."

अक्का म्हणाली, "चार लुगड्यांची भिजलेली वाकळ एकटीनं पिळून दाखव मला. दुसरं टोक कोण धरणार व्हतं? तू तर पिशव्या भरून राहिली व्हतीस."

"मी दोन खोल्या पलीकडं होते. हाक मारायची."

"हाक मारून बोलवायला तू काय पाव्हणी व्हतीस?"

आणि ठेवून दिला.

रविवारी मी वाकळ बाथरूममध्ये टबात घातली आणि पायानं तुडवली. पाणी पांढरं होत गेलं, तीनदा बदललं तरी पांढरंच. पिळायला नेहाला बोलावलं. दोघींनी टोकं धरली, ती बिचारी जोर लावून राहिली आणि वाकळ नुसती गोल फिरून राहिली. "उलट्या अंगानं फिरव, बाई," म्हटलं. "एकाच बाजूनं गेलो तर काय निघणार?" ती हसली. अक्का असती तर मला चार शब्द सुनावले असते, माझ्या मनगटात आता दम राहिला नाही म्हणून.

घरातच पंख्याखाली खुर्च्यांवर पसरून वाळवली. कापड अजून चांगलं आहे. भोकांना ठिगळं लावली तर ती पांघरता येईल, माझ्यामागं नातही पांघरील. पण त्या कापडाशी जुळेल ते पाचवं लुगडं अक्काच्या ट्रंकेत. पुन्हा फोन केला.

"पोस्टानं धाड."

"न्हाई धाडत. येऊन घे."

"मी येणार न्हाई."

"मग पांघर भोकाची. हवा लागंल."

पोरगा म्हणतो, या वयात कशाला भांडता, फोन उचलू नकोस. त्याला काय सांगू? इथं सगळे मला जपतात. भाजीत मीठ जास्त झालं तरी "छान झालीय आई" म्हणतात आणि गुपचूप पाणी पितात. माझ्यासारख्या पोरांकडं राहायला गेलेल्या बायांनो, तुमच्यावर तिकडं शेवटचं कुणी खेकसलं ते आठवून पाहा. मला आठवत नाही. पाहुणीवर कोण खेकसणार? पत्ता विचारला तर मी पुण्याचाच सांगते, औषधं इथंच येतात. पण जिला मी तोंडावर खोटारडी म्हणू शकते आणि जी मला ताट वाढता वाढता शिव्या घालू शकते, अशी बाई जगात एकच उरली आहे, आणि ती पुसेगावला आहे.

दिवाळी झाली की जाईन म्हणते. लुगडं ती देईल न देईल. मला ते भांडण पुरं करायचं आहे. फोनवर ती मध्येच ठेवून देते. समोर बसल्यावर कुठं जाईल?