दोन तासांचा धडा

पोलीस प्रशिक्षण शाळेत त्यांना सगळे उस्ताद म्हणत. आवाज असा, की मैदानाच्या पलीकडचे कावळेसुद्धा सावधान होत. घरी मात्र बायकोने मागून हाक मारली तरी उस्ताद दचकायचे.

हे दचकणं दोन वर्षांचं. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या तुकडीतल्या एका शिपायाने एका माणसाला पालथं पाडलं आणि तो त्याच्या पाठीवर बसून राहिला. माणूस "दम कोंडतोय" म्हणत होता. मग म्हणेनासा झाला.

पकडलेल्याला लगेच कुशीवर वळवायचं, श्वास बघायचा. दोन तासांचा धडा. दिवसभराच्या तासांच्या वहीत सकाळीच सह्या करून ठेवायच्या, ही शाळेची रीत; उस्तादांनीही केली होती. नेमकी त्या धड्याच्या दिवशी आमदारांची समिती पाहणीला यायची होती. म्हणून सगळी तुकडी रस्त्याकडेच्या दगडांना चुना लावत बसली. समितीला शिस्त आवडली.

त्या मृत्यूमुळे आता तीच समिती प्रशिक्षण तपासायला आली होती.

"निवृत्तीला चार महिने राहिलेत," बायको सकाळी म्हणाली. "उगाच शहाणपण करू नका."

"मी कधी शहाणा होतो?"

"तेही खरंच." मग गणवेशाचं बटण तपासत ती हळूच म्हणाली, "पण रोज झोपेत मला ढकलता. 'कुशीवर वळव, कुशीवर वळव.' माझी कूस दुखायला लागली हो."

शाळेत प्राचार्यांनी बजावलं, "उस्ताद, वही बोलेल. आपण गप्प राहायचं."

समितीच्या अध्यक्षबाईंनी वही उलटली. "धडा झालेला दिसतोय. सहीही आहे."

"सही माझी आहे, मॅडम," उस्ताद म्हणाले. "धडा झाला नाही."

प्राचार्य खोकले. बाईंनी चष्मा काढला. "मग तुकडी काय करत होती?"

"तुमच्यासाठी दगड रंगवत होती."

बाईंची नजर खिडकीबाहेर गेली. दगड पांढरेशुभ्र होते, ओले. "आणि हे?"

"हे आजचे. मुलींच्या तुकडीचा आज तोच धडा होता. सही मात्र मी अजून केलेली नाही."

बाहेर तीस मुली चुन्याने माखलेले हात अंगापासून दूर धरून रांगेत उभ्या होत्या.

उस्तादांनी घड्याळ पाहिलं. "चाळीस मिनिटं उरलीत, मॅडम. माझं काय करायचं ते नंतर करा. धडा घेऊ का?"